सोमनाथची छावणी कशावर टिकली?

मे महिन्याच्या मध्याला, ताडोब्यात वाघ पाहायला येणारे सोडले तर, चंद्रपूर जिल्ह्यात हौसेनं कुणी पाऊल टाकत नाही. पारा पंचेचाळीस ओलांडून गेलेला असतो, नवतपा तोंडावर असतो, आणि मूल-सावली-सिंदेवाहीकडची माणसंही बाहेरची कामं उरकून दहाच्या आत सावलीला येतात. नेमक्या ह्याच दिवसांत, १५ ते २२ मे, मूल तालुक्यात मारोड्याजवळच्या सोमनाथला राज्यभरातून तरुण मुलं-मुली येतात, पहाटे उठून कुदळ-फावडी हातात घेतात आणि आठवडाभर माती उपसतात. बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीला सुरू केलेली ही श्रमसंस्कार छावणी. बाबा २००८ साली गेले, त्यांच्या पत्नी साधनाताई २०११ साली गेल्या, त्यानंतरही छावणी भरत राहिली. उन्हाळी शिबिरांना महाराष्ट्रात कधीच तोटा नव्हता. साहसाची, संस्काराची, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं दर सुट्टीत निघतात आणि बहुतेक पाच-दहा वर्षांत विरूनही जातात. मग इतक्या आडवळणाला, इतक्या वाईट हंगामात भरणारी ही छावणी अर्धशतकाहून अधिक काळ कशी टिकली? बाबांचं व्यक्तिमत्त्व, हे उत्तर चटकन तोंडावर येतं आणि त्यात तथ्यही आहे. पण व्यक्तिमत्त्वाच्या बळावर उभी राहिलेली कामं त्या व्यक्तीबरोबर मावळतात, हा आपल्याकडचा अनुभव आहे. मला कारण वेगळं दिसतं. ही छावणी येणाऱ्या मुलांच्या सोयीनं किंवा त्यांच्या भल्यासाठी आखलेली नाही. ती यजमानाच्या, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर ती भरते त्यांच्या, गरजेवर उभी आहे, आणि तिथं अधिकारही यजमानाचा चालतो. शिबिराचं आयुष्य ह्या दोन गोष्टींवर ठरतं, असं मी म्हणतो.

तरुणांच्या उन्हाळी शिबिराची आज जगभर रूढ असलेली घडण स्काउटांची आहे, म्हणून तुलना तिथूनच करायला हवी. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल ह्या निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या लष्करी अधिकाऱ्यानं वीसेक मुलांना घेऊन आठवडाभर तंबू ठोकले. त्यातली काही श्रीमंतांच्या शाळांतली होती, काही कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुलं एका चुलीवरचं खात नसत. पाच-सहा जणांचा गट, त्यातलाच एक नायक, मोठ्यांनी शक्य तितकं बाजूला राहायचं, ही पद्धत त्या आठवड्यात घडली आणि वर्षभरात तिचं पुस्तक निघून चळवळ झाली. भारतात स्काउटिंग १९०९ मध्ये आलं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. हिंदी मुलांना त्यात जागा नव्हती, म्हणून १९१७ च्या सुमारास ॲनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय ह्यांच्या पुढाकारानं वेगळी पथकं उभी राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था झाली. पचमढीचं तिचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आपल्या जुन्या मध्य प्रांताच्या डोंगरातच आहे. ह्या परंपरेला मी कमी लेखत नाही. गाठ मारणं, दिशा ओळखणं, जखम बांधणं, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हे लाखो मुलं तिच्यामुळे शिकली. पण तिच्या शिबिराचा केंद्रबिंदू मुलगा आहे. जंगल, नदी, चूल, तंबू हे सगळं त्याला घडवण्याचं साहित्य. तो चुकला तर नुकसान त्याच्या गुणांचं होतं, कुणाच्या शेताचं होत नाही.

शिबिराची दुसरी एक परंपरा आहे, फारशी माहीत नसलेली, आणि बाबांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या आनंदवनाची नाळ तिच्याशी जुळते. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये पिएर सेरेझोल ह्या स्विस अभियंत्यानं फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या एन ह्या उद्‌ध्वस्त गावात काही स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. कालचे शत्रू एकत्र येऊन गाव पुन्हा उभारतील, अशी कल्पना. ती थोर होती, पण गावकऱ्यांना विचारून आलेली नव्हती. आपली घरं पाडणाऱ्या देशाची माणसं अंगणात वावरताना पाहणं त्यांना सोसेना, विरोध वाढला आणि काही महिन्यांत काम गुंडाळावं लागलं. यजमानाला नको असलेलं शिबिर कितीही उदात्त असलं तरी उभं राहत नाही, हा त्यातला धडा. सेरेझोलची सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना मात्र वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो स्वतः भारतात येऊन राबला, आणि १९५० च्या दशकात ह्याच संघटनेचे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याजवळ आनंदवनात आले. आनंदवन तेव्हा नवं होतं. १९५१ मध्ये बाबा, साधनाताई आणि त्यांची दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर त्या खडकाळ माळावर संसार मांडलेला. भाजीपाला पिकू लागला, पण वरोऱ्यात तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. गोरे तरुण तिथं महिनोन्‌महिने राहतात, विटा वाहतात, रुग्णांनी पिकवलेलं खातात आणि ठणठणीत असतात, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं तेव्हा बहिष्कार सैल पडला. बांधलेल्या भिंतींपेक्षा त्या पंगतीनं काम अधिक केलं. बाबांनी पुढं सोमनाथला जे केलं त्याचं बीज मला ह्या घटनेत दिसतं. बाहेरून आलेल्या तरुणानं काय बांधलं ह्याच्याइतकंच तो कुणाच्या घरी जेवला हेही महत्त्वाचं, हे बाबांना तिथं कळलं असणार.

सोमनाथ प्रकल्प १९६७ चा. शंकराचं जुनं देऊळ, धबधबा, आजूबाजूला साग-ऐनाचं रान आणि त्यात सरकारकडून मिळालेली हजार एकरांहून अधिक जमीन. ह्या जमिनीची गरज कशासाठी होती तेही पाहायला हवं. डॅप्सोनच्या गोळ्यांनी कुष्ठरोग बरा होऊ लागला होता, पण बरं झालेल्या माणसाला घर परत घेत नव्हतं. झडलेली बोटं आणि बसकं नाक दिसलं की गावाची दारं बंद. कायदाही त्याच्या बाजूचा नव्हता. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी कायदा केंद्रानं रद्द केला तो थेट २०१६ मध्ये. अशा बऱ्या झालेल्या माणसांनी भिकेच्या वाटीकडे परत न जाता स्वतःच्या शेतावर कष्ट करून जगावं, म्हणून सोमनाथ. त्याच जागेवर बाबांनी श्रमिक विद्यापीठाचं स्वप्न मांडलं, जिथं शिक्षण हाताच्या कामातून होईल. तो काळही लक्षात घ्यावा. १९६७ च्या मे महिन्यात बंगालमध्ये नक्षलबाडी पेटली, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर आले. शिकलेल्या तरुणाच्या हाताला काम नाही आणि डोक्यात संताप आहे, हे जगभर दिसत होतं. त्या संतापाला बाबांनी उपदेश केला नाही, काम दिलं. विद्यापीठ म्हणून पदव्या, परीक्षा, विभाग असं काही सोमनाथला उभं राहिलं नाही. त्या स्वप्नातली वर्षाला एक आठवडा भरणारी छावणी तेवढी टिकली. अपुरं राहिलेलं स्वप्न म्हणून कुणी त्याकडे बोट दाखवील. पण पदव्या देणारं विद्यापीठ झालं असतं तर तिथं प्राध्यापक कोण झाले असते? शिकलेलेच. छावणीत ते आसन दुसऱ्यांना मिळालं.

छावणीतलं काम कसलं, हे जरा जवळून पाहू. मूलचा पट्टा धानाचा. इथली शेती बांधी-बांधीनं मांडलेली असते. चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेली सपाट बांधी, तिच्यात पावसाचं पाणी अडवून ठेवायचं, आधी रोपांचे पऱ्हे टाकायचे, मग रोवणी करायची. पावसानं पाठ फिरवली तर वाचवायला वरच्या अंगाला बोडी असते. बोडी म्हणजे शेतकऱ्याचा छोटा तलाव. पूर्व विदर्भातले हजारो माजी मालगुजारी तलाव हे ह्याच व्यवस्थेचं मोठं रूप. बोडी गाळानं भरते, धुरे खचतात, उंदीर-खेकडे त्यांना भोकं पाडतात. ही सगळी डागडुजी एकत्र करायला वर्षात एकच फट मिळते. आधीचं पीक निघून जमीन उघडी पडलेली असली पाहिजे, बोडीचं पाणी आटलेलं असलं पाहिजे आणि मृगाचा पाऊस यायचा असला पाहिजे. म्हणजे मे महिना. कॉलेजच्या परीक्षा त्या सुमारास संपतात ही सोय झाली, पण छावणीची तारीख मातीनं ठरवली आहे. पहाटे, ऊन चढायच्या आत, कामाला सुरुवात होते. पुढचे टिकाव मारतात, मागचे फावड्यानं घमेली भरतात आणि मग हातोहात घमेल्यांची साखळी धुऱ्यापर्यंत जाते. नवख्याचा गोंधळ नेहमी एकाच ठिकाणी होतो. तो घमेलं काठोकाठ भरतो. दहा मिनिटांत साखळी अडखळू लागते, कारण शेवटच्या टोकाच्या मुलीचे हात भरून आलेले असतात. मग कुणीतरी सांगतं की अर्धंच भर आणि ओळ तुटू देऊ नकोस. ऊन तापलं की अवजारं ठेवायची. दुपार भाषणांची आणि चर्चांची, त्यात सामाजिक कामात आयुष्य घालवलेली माणसं येऊन बोलतात. रात्री गाणी, नाटुकली, गप्पा. हे सगळं इतर शिबिरांतही असतं, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. वेगळेपण सकाळच्या त्या तीन-चार तासांत आहे.

त्यातही सर्वांत वेगळी गोष्ट तळहातावर घडते. शहरातून आलेल्या मुलाच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड येतात. दुसऱ्या दिवशी ते फुटतात, कुदळीचा दांडा धरवत नाही, तो हात झटकतो, पकड बदलतो, फडकं गुंडाळतो. त्याची वेदना त्याला शहाणपण शिकवत असते. शेजारी सोमनाथचा रहिवासी त्याच दांड्याला हात घालून काम करतो आहे, आणि त्याच्या हाताला फोड आल्याचं कळतच नाही, कारण कुष्ठाच्या जंतूंनी तिथल्या नसा कधीच मारून टाकल्या आहेत. बोटं रोगानं थेट झडतात, असा समज शतकानुशतकं होता. वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती बहुधा न दुखल्यामुळे. चटका लागतो, काटा घुसतो, फोड फुटतो, माणसाला पत्ता नसतो, जखम चिघळते आणि बोट आखूड होत जातं. म्हणून अशा हाताच्या माणसाला रोज काम संपल्यावर दोन्ही तळवे डोळ्यांनी तपासावे लागतात, दांडा जाड फडक्यानं मढवून घ्यावा लागतो, पकडीचा जोर नजरेनं मोजावा लागतो. इतकी शिस्त बाळगून ही माणसं वर्षभर धान पिकवतात. आठ दिवसांसाठी आलेला धडधाकट विद्यार्थी त्यांच्यापुढे कामात कच्चा ठरतो, आणि त्याला ते दिसतं. आपण ह्यांची सेवा करायला आलो, हा समज घेऊन आलेल्याला तो आठवड्यात खाली ठेवावा लागतो. तो जेवतो तो भातही सोमनाथच्या बांध्यांतला असतो. दान माणसाला मोडतं आणि काम घडवतं, हे बाबांचं सूत्र आपण एरवी रुग्णांच्या संदर्भात वाचतो. छावणीत ते पाहुण्याला लागू होतं.

ह्याला मी यजमानाचा अधिकार म्हणतो. वर्गात ज्याला काही येत नाही असं आपण धरून चालतो तो माणूस इथं शिकवतो. चंद्रपूर जिल्ह्यात ही गोष्ट नवलाची वाटू नये. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले होते. स्वतःच्या तुकड्यात वेगळ्या दिसलेल्या धानाच्या लोंब्या निवडत, जपत, वर्षानुवर्षं पेरत त्यांनी एचएमटी हे वाण तयार केलं. ते देशभर पसरलं आणि त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. हाताच्या ज्ञानाला मान न देण्याची ही जी आपली सवय आहे, तिच्याविरुद्ध छावणी काम करते, आणि त्यासाठी भाषण पुरत नाही. सेवाग्रामच्या नई तालीम ह्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीनं १९३७ पासून हेच म्हटलं होतं. पण शाळेत चरखा आणला तरी शिक्षक शिक्षकच राहिला आणि तास संपला की चरखा कोपऱ्यात गेला. सोमनाथला बोडी कोपऱ्यात ठेवता येत नाही. तिचा गाळ निघाला नाही तर ऑगस्टमध्ये पावसानं ताण दिल्यावर खालची बांधी करपते. कामाची निकड खरी असली की शिकणाराही खरा शिकतो.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो व्यवहाराचा आहे. आठवडाभर शेकडो अननुभवी हात जेवढी माती उपसतात तेवढी एक जेसीबी दोन दिवसांत उपसेल, खर्चही कमी येईल. मग एवढा खटाटोप कशाला? हिशेब बरोबर आहे. जलसंधारणाच्या सरकारी योजनांत आता बहुतेक काम यंत्रं करतात आणि त्यात वाईट काही नाही. मोठ्या तलावाचा गाळ माणसांनी काढावा असा आग्रह धरणं हा अघोरीपणा होईल. पण यंत्र आणल्यावर गाव त्या कामाचं प्रेक्षक होतं, हेही आपण पाहिलं आहे. पाणी फाउंडेशननं २०१६ ते २०१९ वॉटर कप स्पर्धा घेतली तेव्हा यंत्रं वर्ज्य नव्हती, तरी श्रमदानाला वेगळे गुण ठेवले होते. ज्या बांधावर आपला घाम पडला त्याची राखण माणूस करतो, ह्या अनुभवावर ती योजना उभी होती. शिवाय सोमनाथच्या रहिवाशांच्या बाजूनं हा हिशेब वेगळा दिसतो. ज्यांच्या सावलीला लोक जात नव्हते त्यांच्या बांधीत शेकडो तरुण खांद्याला खांदा लावून राबतात, त्यांच्या ताटात जेवतात, ह्याची किंमत घनमीटरमध्ये निघत नाही. चंद्रपूर-गडचिरोली हे जिल्हे कुष्ठरोगाच्या बाबतीत आजही जोखमीचे मानले जातात आणि रोगाबद्दलची भीती औषधापेक्षा हळू ओसरते. तिथं जेसीबीचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मुलं येतात, भारावतात, फोटो काढतात, परत जातात, नोकरीला लागतात. आठ दिवसांच्या उमाळ्यानं कुणाचं आयुष्य बदलतं? ह्याला उत्तर म्हणून नेहमी मोठी नावं पुढं केली जातात. २३ डिसेंबर १९७३ ला भामरागडच्या रानात हेमलकसा प्रकल्प सुरू झाला तेव्हा बाबांचा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांच्याबरोबर तरुण कार्यकर्त्यांची एक फळी तिथं जाऊन राहिली, वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात जगाशी संपर्क नाही अशा जागी. १९८५ च्या डिसेंबरात बाबा भारत जोडो यात्रेसाठी कन्याकुमारीहून निघाले तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर त्यांच्या बरोबर होत्या आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसता न येणारे बाबा गाडीत आडवे पडून काश्मीरपर्यंत गेले. पुढं ईशान्येतल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत दुसरी यात्रा झाली. असा तरुणांचा गोतावळा बाबांभोवती जमला त्यात छावणीचा वाटा नक्की होता. पण मी हा पुरावा फार ताणणार नाही. थोडेच जण कार्यकर्ते होतात आणि जे होतात त्यांच्यात ती ओढ आधीपासून असते. उरलेल्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे. पुढं जो तहसीलदार होतो, डॉक्टर होतो, बँकेत अधिकारी होतो, त्यानं एकदा तरी कुष्ठमुक्त शेतकऱ्याच्या हाताखाली काम केलेलं असणं समाजाच्या उपयोगाचं आहे, त्यानं नोकरी सोडली नाही तरी. शिबिराचं यश सर्वस्व वाहून घेणाऱ्यांच्या संख्येवर मोजणं मला अन्यायाचं वाटतं. आपण शाळेचं यश तिथून किती शास्त्रज्ञ निघाले एवढ्यावर मोजत नाही.

तरीही ह्या आक्षेपातला एक भाग मला मान्य करावा लागतो. पाठपुरावा ही छावणीची दुबळी बाजू आहे. स्काउटचं पथक वर्षभर जमतं. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार अशी चढण असते, उन्हाळी शिबिर त्या चढणीवरचा एक मुक्काम. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, तिच्यात दोन वर्षांत २४० तास कामाचं बंधन आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. सोमनाथहून परतलेल्या मुलाला पुढचा मुक्काम कुणी दाखवत नाही, तो त्याचा त्यानं शोधायचा. ह्याच रानातल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी २००६ मध्ये निर्माण हा उपक्रम सुरू केला, त्यात निवडीपासून पुढच्या कामापर्यंत तरुणांशी संवाद चालू ठेवण्यावर भर दिला. तो ह्या उणिवेवरचा एक चांगला तोडगा आहे. पण त्याचीही किंमत आहे. निवड आली की दार अरुंद होतं. सोमनाथचं दार रुंद आहे, तिथं आपण कोण होणार हे ठरलेलं नसलेला मुलगाही येऊ शकतो. मला दोन्ही हव्याशा वाटतात आणि दोन्ही एकाच पट्ट्यात आहेत हे ह्या जिल्ह्यांचं भाग्य आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत जड वाटतो, आणि तो बाहेरून येत नाही, मूलच्या परिसरातूनच येतो. पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची मुलं इथं श्रमाचा संस्कार घ्यायला येतात, त्याच आठवड्यात आसपासच्या खेड्यांतली त्यांच्याच वयाची मुलं काय करत असतात? तो तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरचे सगळे पहाटे अंधारात रानात शिरतात, पानं तोडून आणतात, दुपारभर ओसरीवर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. वर्षाच्या वह्या-पुस्तकांचे आणि बियाण्यांचे पैसे त्यातून उभे राहतात. ह्या कामात जिवाची जोखीम असते. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी ह्या पट्ट्यात वाकून पानं तोडणारी, मोहफुलं वेचणारी माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात, जवळजवळ दर उन्हाळ्यात. ह्या मुलांना श्रमसंस्काराची गरज नाही, त्यांना श्रमातून थोडी सुटका हवी आहे. त्यांच्या दारात श्रमाचा गौरव करणारी भाषणं व्हावीत हे विसंगत वाटू शकतं. ह्यावर, छावणी सर्वांना खुली आहे, हे उत्तर पुरेसं नाही. तेंदूचे आठ दिवस बुडवून फुकट माती उपसायला येणं परवडणाऱ्यालाच ती खुली आहे.

हा आक्षेप छावणीचं मूळ तत्त्व खोडत नाही, उलट ते पुढं न्यायला सांगतो. काम यजमानाच्या गरजेचं आणि अधिकार यजमानाचा, हे तत्त्व खरं असेल तर मूल तालुक्यातली ही मुलंही यजमान आहेत. कोणत्या रानवाटेनं जायचं नाही, पाणवठ्याजवळची माती कशी वाचायची, मोह कधी पडतो, बोडीला पाणी सोडायची वाट कुठं ठेवायची हे त्यांना येतं, आणि शिबिरार्थीला ह्यातलं काहीच येत नाही. छावणीतल्या एखाद्या दुपारी व्यासपीठावर ती बसली पाहिजेत, आणि त्या दिवसाची तेंदूची मजुरी त्यांना मिळाली पाहिजे, मानधन म्हणून, बक्षीस म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट हंगामाची. स्थानिक मुलांना मे महिना सवडीचा नाही, पण हिवाळा असतो. धान कापून, चुरून घरात आल्यावर डिसेंबर-जानेवारीत रानातली कामं थंडावतात, आणि त्याच सुमारास मूल, सावली, सिंदेवाहीच्या कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं कुठल्या ना कुठल्या गावात भरतात. त्यांतली बरीचशी गाव झाडून आणि रंगरंगोटी करून संपतात, कारण गावानं काम मागितलेलं नसतं. ती सोमनाथला भरवता येतील. तेव्हा बोड्यांत पाणी असतं, गाळ काढता येत नाही, पण खचलेले धुरे बांधणं, रानालगतची कुंपणं नीट करणं, पुढच्या वर्षाच्या बियाण्याची निवड करणं ही कामं त्याच दिवसांतली आहेत, आणि ती शिकवायला सोमनाथची माणसं तिथं आहेत. ह्याला नव्या जमिनीची, नव्या संस्थेची गरज नाही. कॉलेजांच्या प्राचार्यांनी आणि सोमनाथच्या कार्यकर्त्यांनी दिवाळीच्या आधी एकदा बसून तारखा जुळवल्या तर येत्या हिवाळ्यातच पहिली तुकडी जाऊ शकते.